कोपऱ्यावरचं हेल्मेट

तुम्ही खोटं बोललात. शिक्का मारून, सही करून, पर्यटन खात्याच्या कडक भाषेत बोललात म्हणून ते खरं होत नाही. माझ्या ताईने पाहुण्यांना वाऱ्यावर सोडलं आणि मी सावलीत आराम करत होते, असं लिहून तुम्ही तिचा सायकल सहलींचा परवाना काढून घेतलात. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ऐकून होते. इथे तर चोरच न्यायाला बसला होता, आणि फासाचा दोर संन्याशाने स्वतः आणायचा होता. सोबत अर्ज आणि दोन फोटो.

आता काय झालं ते मी सांगते आणि तुम्ही ऐकायचं. सवय नाही तुम्हाला, तरी ऐका.

आमचा धंदा साधा आहे. होता. द्राक्षबागांमधून जाणारे रस्ते, त्यांच्या कडेची जुनी गावं आणि हौशी पाहुणे. सकाळी सायकली वाटायच्या, ऊन तापायच्या आत दोन गावं पालथी घालायची, मधे एखाद्या बागेच्या तळघरात शिरून वाइनची पिंपं बघायची, दोन घोट चाखायचे, जुन्या भिंतीवर हात ठेवून 'बापरे' म्हणायचं आणि जेवायला परत. ताई सगळ्यांच्या पुढे. मी सगळ्यांच्या मागे, पाठीवर पंप, पाने आणि ट्यूबा घेऊन. कुणाची चेन निसटली, कुणाचं चाक बसलं, कुणाचा धीर सुटला, की ते माझं काम.

आता कोपऱ्याचं सांगते, कारण सगळं रामायण तिथलं आहे. बागांमधल्या रस्त्यांना फाटे फार. ताई प्रत्येक वळणावर थांबत बसली तर पुढचं कोण बघणार? म्हणून जो तिच्या लगेच मागे असेल, तो वळणावर थांबतो आणि हात करतो: इकडे. बाकीचे त्याच्यासमोरून जातात. शेवटी मी येते. मी दिसले की त्याची सुटका, तो माझ्या पुढे लागतो. पुढच्या वळणाला दुसरा. याला आम्ही कोपरा धरणं म्हणतो. नियम दोनच. धरलेला कोपरा मी येईपर्यंत सोडायचा नाही. आणि मी कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही, आभाळ कोसळलं तरी.

खुळचट वाटतं ना? पण माणसांना ते आवडतं. ज्यांच्यासाठी दारं उघडायला चार जण धावतात, ती माणसं इथे भर उन्हात दुसऱ्यासाठी ताटकळतात आणि खूश होतात. एक वकीलबाई कोपरा धरून झाल्यावर मला म्हणाल्या होत्या, "अहो, प्रत्येक जण माझ्याकडे बघून हसला. माझ्याकडे बघून लोक सहसा घाम पुसतात."

तर परवान्याची मुदत संपत आली होती. नवा हवा तर तपासणी. तुम्ही तुमचा तपासणी अधिकारी पाठवलात. त्याला ऑफिसात अहो-जाहो केलं, इथे करणार नाही. तो सायकलच्या घट्ट चड्डीला इस्त्री करून आला होता. ती चड्डी अंगाला चिकटते हो! तिला इस्त्री कोण करतं? याने केली होती, मांडीवर सुरीसारखी सरळ घडी. ताईने माझ्याकडे बघितलं, मी चटकन चेनकडे बघितलं. तेव्हापासून तो इस्त्रीसाहेब.

ताईच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सायकली आकड्यांना उलट्या टांगलेल्या असतात. त्यांच्याखालून वाकून फिरत त्याने एका टायरवर बोटाने टिचकी मारली, कलिंगड बघावं तशी.

"मी पुढे राहणार," तो म्हणाला. "तपासणी पुढूनच होते."

"राहा ना, साहेब," ताई म्हणाली. "फक्त माझ्या मागच्याला कोपरा धरावा लागतो." आणि तिने नियम सांगितले.

"म्हणजे मी ट्रॅफिक हवालदार?"

"आज सगळेच आहेत."

त्या दिवशी आणखी तिघे होते. एक दाताचे डॉक्टर, मितभाषी, बहुधा दिवसभर दुसऱ्यांची तोंडं बघून कंटाळलेले. आणि एक सासू-जावयाची जोडी. जोडी बुक झाली होती नवरा-बायकोची. बायकोला ऐनवेळी रजा मिळाली नाही, तिच्या जागी तिची आई आली. मी रचत नाहीये. सासूबाई बसच्या निवृत्त कंडक्टर. आवाज असा, की शेडचा पत्रा थरथरायचा.

"आमच्या जावईबापूंना कोपरा नका देऊ," त्या म्हणाल्या. "घरातला एक कोपरा झाडायला सांगितला होता दिवाणखान्यातला. अजून शोधतायत."

"आई, तुम्ही तुमच्या सायकलकडे बघा."

"माझी बरी आहे. तुम्ही सीटवर पोतं टाकल्यासारखे बसलायत, ते बघा."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. दात चांगले होते.

निघालो. तोडणीचे दिवस होते. तारांवर चढवलेल्या वेलींच्या रांगा, पाखरांसाठी टाकलेल्या जाळ्या, रांगेच्या तोंडाशी क्रेटच्या थप्प्या, आणि पिकलेल्या द्राक्षांचा तो गोड, किंचित आंबूस वास, जो नाकात शिरला की माणूस उगाच उदार होतो. पहिल्या गावात गल्ल्या इतक्या अरुंद, की हॅण्डल भिंतीला घासतं. मनोऱ्यावरचं घड्याळ बंद. खाली तुमच्या खात्याची पाटी: 'जिथे काळ थांबला.' काळ थांबलेला नाही. घड्याळ दुरुस्त करायला तुमच्याकडे माणूस नाही.

पहिला कोपरा इस्त्रीसाहेबानेच धरला. हात पाठीमागे बांधून, हनुवटीने रस्ता दाखवला. पण धरला. दुसरा डॉक्टरांनी धरला, एखादी नर्स चिमटा घेऊन उभी असते तसा. तिसऱ्याला सासूबाई होत्या, आणि तिथून जाताना आम्हाला ऐकू आलं, "चला, चला, पुढे सरका! मधे अडून राहू नका! सुटे पैसे हातात ठेवा!" जावई मान खाली घालून गेला. खरं सांगते, त्या सकाळी मला वाटलं, परवाना आपलाच.

चौथा कोपरा एका मोठ्या बागेच्या फाटकाशी येतो. तिथून उजवीकडे चढ, दुसऱ्या गावाकडे. डावीकडे नदीवर उतरणारा जुना दगडी रस्ता. गाड्यांची लोखंडी चाकं पिढ्यान् पिढ्या घासून ते दगड साबणाच्या वडीसारखे झालेत. पायी उतरताना माणसाला देव आठवतो. ताई तिथे कधी कुणाला नेत नाही. तिच्या मागे परत इस्त्रीसाहेब होता, कारण साहेब मधल्या काळात सगळ्यांना ओलांडून पुढे गेला होता. तिने त्याला उजवी दाखवली, "साहेब, हा कोपरा नीट धरा हं, डावीकडे वाईट उतार आहे," असं शब्दाशब्दाने सांगितलं, आणि ती डॉक्टरांना घेऊन चढ चढून गेली. डॉक्टर साक्षीला आहेत.

आम्ही मागे राहिलो होतो. जावयाची चेन निसटून आत अडकली होती. मी हात काळे करून ती सोडवत होते आणि सासूबाई बाजूला उभं राहून समालोचन करत होत्या.

"गिअर बदलताना जोर कशाला लावायचा? सायकल आहे, बाटलीचं बूच नाही."

"आई, तुम्ही पुढे व्हा ना."

"आणि तुम्ही हरवलात तर लेकीला काय सांगू? गर्दीत उतरले म्हणून?"

चेन बसली. त्यांना पुढे पाठवलं. मी पाने गोळा केले, वाळूने हात घासले आणि निघाले.

फाटकाशी काय झालं ते मला नंतर कळलं, पण क्रमाने सांगते. साहेब कोपऱ्यावर उभा असताना बागेचा मालक बाहेर आला. दोघांची ओळख. मालक म्हणाला, यंदाचं चाखून तरी बघा. साहेब म्हणाला, ड्यूटीवर आहे. मालक म्हणाला, तळघर गार आहे. मग साहेबाने जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. त्याने सायकल उजव्या रस्त्याच्या तोंडाशी उभी केली, पुढचं चाक चढाकडे वळवलं, हॅण्डलवर हेल्मेट अडकवलं आणि आत गेला. खुर्चीच्या पाठीला कोट लटकवून चहाला जाणारी जात तुमची! कोट दिसला म्हणजे साहेब जागेवर आहेत. हेल्मेट दिसलं म्हणजे कोपरा धरलेला आहे.

मग द्राक्षांच्या क्रेटनी भरलेला ट्रॅक्टर आला. फाटकात वळायला जागा होईना. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, सायकल अलगद उचलून पलीकडच्या भिंतीला टेकवली आणि आत गेला. पुढचं चाक आता डावीकडे. "टोपीसुद्धा पडू दिली नाही मी," तो नंतर रडवेल्या तोंडाने सांगत होता. बिचारा. सगळ्या प्रकरणात नेमून दिलेलं काम धड करणारा तो एकटाच.

सासू-जावई आले. साहेबाची सायकल दिसली, हेल्मेट दिसलं, चाक डावीकडे दिसलं. वळले.

मग मी आले. सायकल आहे, हेल्मेट आहे, माणूस नाही. मला वाटलं, भिंतीमागे गेला असेल, सकाळपासून पाणी पीत होता. सासू-जावई उजवीकडे गेले असतील, हे मी धरूनच चालले. आता मी काय करायचं? त्याची सायकल इथे म्हणजे तो इथे. मी पुढे गेले तर तो माझ्या मागे राहतो, आणि माझ्या मागे कुणी राहायचं नाही, नियम आहे. मी थांबले. भिंतीच्या सावलीत थांबले, कारण उन्हात उभं राहायला मी वेल नाही. तुमच्या कागदावर जी 'सावलीत आराम करत असलेली मागील मार्गदर्शक' आहे, ती ही. मी तुमच्या साहेबाची सायकल राखत होते आणि तुमचा साहेब आत पिंपं मोजत होता.

खालून आवाज आला. आधी वाटलं कुणी बागेतल्या मजुरांना ओरडतंय. मग शब्द कळले.

"कुणी आहे का वर? माणूस पडलाय! गाडी थांबवा!"

मी सायकल टाकून पळत सुटले. बसत, घसरत, हात टेकत उतरले. जावई कडेच्या वेलींच्या रांगेत तारेखाली पडला होता, सायकल दूर. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली लोंबत होता. चेहऱ्याचा रंग उडालेला. सासूबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्यांचा तोंडाचा पट्टा चालूच होता.

"हलू नका म्हटलं ना. आयुष्यात एकदा तरी माझं ऐका. काही नाही झालेलं. लेकीला मीच सांगेन, तुम्ही बोलू नका, तुम्हाला सांगता येत नाही नीट."

"आई, तुम्ही रडताय."

"घाम आहे. गप्प पडा."

खाली फोन लागत नव्हता. पण बराच वेळ कुणी आलं नाही म्हणून ताई डॉक्टरांना घेऊन स्वतःच मागे फिरली होती. ती दोघंही उतरून आली. डॉक्टर जावयाजवळ बसले आणि सवयीने म्हणाले, "आ करा."

जावयाने केला.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले, आणि मग भानावर आले. "खांद्याचं हाड मोडलंय. हे माझ्या खात्यातलं नाही, पण हलवायचं नाही एवढं कळतं." मी पाठीवरची ट्यूब कापली, त्यांनी तिची झोळी करून हात गळ्यात बांधला. कसाबसा त्याला वर आणला. ट्रॅक्टर रिकामा करून त्यात बसवायचं ठरलं, आणि तेव्हा फाटकातून इस्त्रीसाहेब बाहेर आला. ओठ जांभळे. घडी मोडलेली.

"काय झालं?"

"कोपरा सोडून कुठे गेला होतात?" ताईने विचारलं. आवाज चढवला नाही. ती आवाज चढवत नाही, तेवढ्यासाठी मी आहे.

"सोडला कुठे? सायकल ठेवली होती ना. हेल्मेटसकट!"

आणि मग ट्रॅक्टरकडे बघून म्हणाला, "क्रेट बाजूला नीट लावा रे. मालकांचा माल चिरडेल."

हे मी विसरणार नाही. माणसाचं हाड मोडलं होतं आणि साहेबाला घडांची काळजी होती.

चौकशी तुमच्या ऑफिसात झाली. लांबट खोली, एक खिडकी कपाटाने अर्धी झाकलेली, पंखा टक् टक् करणारा. चौकशी अधिकारी कोण? इस्त्रीसाहेब. का? तर जो तपासणी करतो तोच चौकशी करतो, अशी तुमच्याकडे पद्धत आहे म्हणे. आमच्याकडेही पद्धत आहे, पण आमच्या पद्धतीत माणूस जागेवर असावा लागतो.

आत बोलावण्याआधी त्याने ताईला जिन्यापाशी गाठलं. मी तीन पायऱ्या खाली होते, सगळं ऐकलं.

"बाई, तुमची काही चूक नाही, मला ठाऊक आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "मागची बाई बेसावध होती, एवढं लिहून द्या. तिला कामावरून कमी केल्याचं लिहा. परवाना आजच्या आज देतो. ऐन हंगाम आहे, घर चालवायचं ना?"

मला वाटलं ताईने हो म्हणावं. खरंच वाटलं. घर तिच्या एकटीवर चालतं, त्यात मीही आले. मी कुठेही पंक्चर काढून पोट भरीन.

"ती मागे असते म्हणून मी पुढे बघू शकते, साहेब," ताई म्हणाली. "तिला काढून परवाना घेतला, तर वळणावर मला मान वळवून बघत बसावं लागेल. मग आपटेनच."

"भावनेच्या भरात बोलू नका."

"भावना नाही. सायकल चालवण्याबद्दल बोलतेय."

आत सासूबाई साक्षीला आल्या होत्या, न बोलावता. सोबत गळ्यात हात बांधलेला जावई, आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला त्याला धरून चाललेली बायको, जिला आता रजा मिळाली होती.

"तुम्ही चुकीच्या रस्त्याला का वळलात?" इस्त्रीसाहेबाने विचारलं.

"तुमचं हेल्मेट बघून."

"पण तिथे मी नव्हतो, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं ना. पण हेल्मेट आहे म्हणजे जवळपास डोकं असेल, असं आम्ही समजलो. चुकलंच आमचं."

मागे बसलेला शिपाई खोकल्याचं नाटक करत बाहेर पळाला. साहेब लाल झाला.

"बाई, हे कार्यालय आहे."

"मी बसमध्ये तुमच्यासारखे पुष्कळ उतरवलेत," सासूबाई म्हणाल्या. "सीटवर रुमाल टाकून खाली फिरायला जाणारे. मी रुमाल उचलून बाहेर फेकायचे आणि म्हणायचे, बसायचं असेल तर बूड आणा."

"आई," जावई म्हणाला, आणि आम्हाला वाटलं नेहमीसारखं तो त्यांना गप्प करणार. "आई, रस्ता सांगण्याबद्दलही सांगा. ताईंनी त्यांना डावीकडच्या उताराबद्दल बजावलं होतं. डॉक्टरांनी ऐकलंय."

"बघा! बोलता येतं की तुम्हाला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याच्या धड खांद्यावर थोपटलं.

डॉक्टरांनीही सांगितलं. ट्रॅक्टरवाल्यानेही सांगितलं. आणि तुम्ही काय ठरवलंत? 'पाहुण्यांना वळणावर उभे करण्याची धोकादायक पद्धत.' म्हणजे कोपरा सोडणारा निर्दोष आणि कोपरा गुन्हेगार. परवाना रद्द.

सायकली आकड्यांना टांगलेल्या आहेत. रोज दोन-तीन टायर बसतात, वापरात नसलं की रबर रुसतं. ताई शेड झाडते, पुन्हा झाडते. एकदा मी म्हटलं, दुसरं काही करू. ती म्हणाली, "करू. पण मला हे येतं गं."

आणि तुम्ही? तुम्ही लोकांच्या फोनवर एक आवाज आणलात. माणसाची गरजच नको. सायकल घ्या, फोन हॅण्डलला लावा, आवाज सांगेल तसं जा. मी स्वतः लावून बघितला. त्या फाटकाशी आलं की मधाळ आवाजात सांगतो, 'आता डावीकडे वळा. ऐतिहासिक दगडी मार्गाचा आनंद घ्या.'

म्हणून ताई रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहते. सायकल नाही, फलक नाही, टोपी नाही. घरातल्या कपड्यांत, पायात चपला. सायकलवाले आले की हात करते: उजवीकडे. काही जण ऐकतात. काहींना ती वेडी वाटते. परवा एक तरुण मुलगी थांबली आणि म्हणाली, "मावशी, फोन डावीकडे म्हणतोय."

"फोनला खांद्याचं हाड नसतं, बाळ."

मुलीने उताराकडे वाकून बघितलं, आणि उजवीकडे वळली.

काल तुमचा माणूस येऊन ताईला बजावून गेला. विनापरवाना मार्गदर्शन हा गुन्हा आहे, पुन्हा तिथे दिसलात तर कारवाई होईल. ताईने त्याला पाणी दिलं. मी दिलं नसतं.

म्हणून हे लिहितेय. मला दया नको, चहा नको, 'आपला विषय वर पाठवला आहे' हे तर अजिबात नको. तो मधाळ आवाज लावण्याआधी तुमच्यापैकी कोण त्या उतारावरून सायकलने खाली गेलं होतं? एकाचं तरी नाव सांगा. कुणीच गेलं नसेल तर तसं सांगा. आणि ताई बाजूला झाल्यावर पुढचा जो कुणी तिथे आपटेल, त्याच्या घरच्यांनी कुणाचं दार ठोठावायचं? तिचं, की तुमचं?

ताई उद्याही तिथे असेल. परवाना परत देताय की तिला पकडायला येताय? काय ते एकदा सांगा.